तिसऱ्या शनिवारची भातुकली

"मी पप्पा. तू मम्मी," रेणू म्हणाली, आणि प्लास्टिकच्या इवल्याशा ताटलीत तिनं मला एक लाकडी ठोकळा वाढायला लावला. "ही भाकर हाय. वाढ की." मी वाढली. तिनं ती बघितली, बोटानं जरा बाजूला सरकवली आणि आवाज न चढवता, उलट खाली आणत, म्हणाली, "थंड हाय." मग उठून माझ्या अगदी जवळ आली. सात वर्षांची पोर, दोन वेण्या, समोरचा एक दात पडलेला. उजव्या हाताचं बोट तिनं ओठांवर ठेवलं. "आवाज नको. खाली पोरं अभ्यास करून राहिलीत." आणि डावा हात वर नेला. मी वाकले. डोकं दोन्ही दंडांच्या मध्ये घातलं, हनुवटी छातीला लावली, डोळे गच्च मिटले. कुणापुढं वाकतेय, कशाला वाकतेय, असला काही विचार झाला नाही. त्या घरातून बाहेर पडून मला दीड वर्ष झालं, पण माझ्या मानेला ते अजून कुणी कळवलेलं नाही. हात काही पडला नाही. डोळे उघडले तर रेणू हात तसाच वर धरून माझ्याकडं बघत होती, आणि हसत होती. "अस्संच," ती म्हणाली. "बरोबर आलं तुला. आता म्हण, बाथरूममधी पडले." "म्हण की गं मम्मी, त्याच्याबिगर पुढचं येत न्हाई." मी म्हणाले, बाथरूममधी पडले. ती खूष झाली आणि मांडी घालून ठोकळ्याची भाकर खायला बसली.

लातूरच्या कोर्टात वरच्या मजल्यावर मुलांसाठी म्हणून एक खोली आहे. भिंतीवर मोर आणि ससा काढलेत, खाली चटई, फळीवर खेळणी. महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी, अकरा ते एक, या खोलीत मला माझी मुलगी भेटते. महिन्याचे चार तास. काचेच्या दारापलीकडं टेबलाशी नाझनीन मॅडम बसतात, कोर्टाच्या समुपदेशक. त्यांच्याही पलीकडं बाकावर माझा नवरा शिवशंकर आणि सासू धोंडाबाई, मध्ये रेणूची पाण्याची बाटली. सोमवारी नाझनीन मॅडमचा अहवाल जजसाहेबांपुढं जाणार होता, आणि केस संपेपर्यंत रेणू कुणाकडं राहायची हे त्यावर ठरणार होतं. केस कधी संपेल असं मी माझ्या वकिलांना, वकारभाईंना, विचारलं होतं. ते म्हणाले, "ताई, खोटं कशाला बोलू, तवर पोरगी दहावीला जाईल. म्हणून हा सोमवार लई मोठा हाय. जे काय हाय ते ह्याच सोमवारी." असं सांगून त्यांनी चष्मा पुसला. वकारभाई चष्मा पुसायला लागले की मला कळतं, आपलं काही खरं नाही.

पहाटेच्या गाडीनं मी नांदेडहून निघते. दादा, म्हणजे माझे वडील, स्टँडवर सोडायला येतात. ते एस.टी.त कंडक्टर होते, अहमदपूर डेपोला, त्यामुळं गाडीत आधी चढतात, दोन-तीन सीट दाबून बघतात आणि म्हणतात, "हितं बस. ह्या अंगाला ऊन लागत न्हाई." जन्मभर तिकिटं फाडलेला माणूस, पण माझ्याशी बोलायला आता शब्द सापडत नाहीत त्याला. ऊन लागत नाही एवढंच सांगतो. म्हणते, दादा, मला ऊन लागलं तरी चालतंय हो, ज्या दिवशी लागू द्यायचं नव्हतं त्या दिवशी तुम्ही कुठं होतात? म्हणत नाही, नुसती मनात म्हणते. वाटेत लोहा गाव मागं पडतं, अहमदपूरला गाडी दहा मिनिटं थांबते, तिथं मी रेणूसाठी चिक्कीचं पुडकं घेते. ते पुडकं सासूबाई बाकावरच काढून घेतात, "बाहेरचं तिला सोसत न्हाई," असं मॅडमकडं बघत म्हणतात. सगळं मॅडमकडं बघत. माझ्याकडं बघून त्या घरातलं कुणी काही बोलत नाही. तरी मी दर खेपेला पुडकं घेते. अशीच आहे मी, हट्टी.

नांदेडात मी एका लॅबमध्ये रक्त काढते. लहान लेकरांच्या शिरा सापडायला अवघड, म्हणून लेकरं सगळी माझ्याकडं पाठवतात. "ऋतुजा मॅडमचा हात लई हलका हाय," असं आया एकमेकींना सांगतात. मी लेकराला म्हणते, इकडं बघू नको राजा, ती बघ तिकडं चिमणी. खिडकीवर कागदाची चिमणी चिकटवलीय मीच. आईला वाटतं लेकरू चिमणीकडं बघतंय. मला माहीत आहे, एकही लेकरू चिमणीकडं बघत नाही. मान तिकडं असते आणि डोळ्याचा कोपरा सुईवर असतो. रोज दहा-बारा लेकरं माझ्यापुढं असं करतात. आणि मी, इतकी शहाणी, माझ्या स्वतःच्या पोरीबद्दल इतकी वर्षं समजत राहिले की ती चिमणीकडं बघतेय. मार बसायचा तेव्हा ती बाहेरच्या खोलीत रंगवायचं पुस्तक घेऊन बसलेली असायची. पाठ आमच्याकडं. पाठ आहे म्हणजे बघत नाही, असं माझं गणित. वर बी.एस्सी. झालेली मी, कर्म माझं.

शिवशंकरची अभ्यासिका आहे. लातुरात अभ्यासिकांना काय तोटा, गल्लीगल्लीत आहेत. खेड्यापाड्यांतली पोरं डॉक्टर व्हायचं म्हणून येतात, खोली घेतात, मेसचं जेवतात आणि अशा हॉलमध्ये दिवसाचे बारा तास मान खाली घालून बसतात. खाली हॉल, साठ खुर्च्या, साठ दिवे. वर आम्ही. पायऱ्यांवर पाटी, शांतता राखा. लग्न होऊन आले तेव्हा मला ती शांतता आवडली होती, खोटं कशाला बोलू. आमच्या नांदेडच्या घरात सतत कालवा. इथं चपला काढून जिना चढायचा, कुकरची शिटीसुद्धा आधीच उचलून धरायची. चांगला माणूस आहे, मी आईला फोनवर सांगितलं होतं, कधी आवाज म्हणून चढवत नाही. आणि खरंच चढवला नाही. पहिल्यांदा मारलं तेव्हाही नाही. आधी बोट ओठांवर ठेवलं, "आवाज नको, खाली पोरं अभ्यास करून राहिलीत," म्हणाला, मग मारलं. आणि मी आवाज केला नाही. हे मी वकारभाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी लिहिता लिहिता वर बघितलं. का केला नाही, ताई? आता काय सांगायचं? एकदा भिंतीवर डोकं आपटलं तेव्हा माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की खाली ऐकू गेलं असेल का, कुणाच्या तरी पोराचं पाठांतर मोडलं असेल. लोकांच्या पोरांची परीक्षा मी सांभाळली. सहा वर्षं. त्यातली कितीतरी पोरं आता डॉक्टर झाली असतील, कुणाकुणाची मोडलेली हाडं बसवत असतील. साक्षीला एक जण नाही, कारण ऐकलं कुणी काहीच नाही.

ज्या दिवशी मी निघाले त्या दिवशी सकाळी त्यानं माझं डावं मनगट पिळलं. कशावरून ते आता आठवतही नाही, भाकरीवरूनच असेल. कट्‌ असा आवाज आला. त्या घरात माझ्याकडून झालेला तो सगळ्यांत मोठा आवाज. सासूबाईंनी तेल-हळद लावून फडकं बांधलं आणि म्हणाल्या, "हूं, घट्ट बांधलंय, दोन दिवसांत बसतंय." जेवणं झाली. दुपारी तीनच्या सुमाराला रेणू आजीच्या कुशीत झोपली होती. सहाव्या वर्षात होती तेव्हा, शाळा नुकतीच सुरू झालेली. सासूबाईंचा हात तिच्या पोटावर होता. मी दारात उभी राहून बघितलं. उचलावं तर एका हातानं उचलायचं, म्हातारीला जाग येणार, ती हाक मारणार, खालून तो वर येणार. मी ठरवलं, आत्ता जाते, दादांना घेऊन संध्याकाळपर्यंत परत येते. संध्याकाळपर्यंत. लातूर ते नांदेड जाऊन संध्याकाळपर्यंत परत येणारी कुठली गाडी होती देव जाणे. चपला हातात घेतल्या. झोपलीय तोवर बरंय, तिला कळणारही नाही, असं म्हणत जिना उतरले. अभ्यासिकेच्या काचेतून साठ डोकी दिसत होती, एकानं मान वर केली नाही. ती झोपली होती, या एका गोष्टीवर मी दीड वर्ष काढलंय. दुसरं माझ्याकडं होतंच काय?

नांदेडला डॉक्टरांनी एक्स-रे बघून विचारलं, कसं झालं? मी तोंड उघडायच्या आत दादा म्हणाले, "पडली." प्लास्टर घातलं. मी म्हणाले, दादा, चला, रेणूला आणू. दादा म्हणाले, "आणू की. पर अशी उचलून आणली तर पळवून आणली म्हणतेत. रीतीनं आणू. पंधरा-वीस दिसांवर धोंड्याचा महिना हाय, जावयाला बोलवू, मानपान करू. मान मिळाला की माणूस नरम येतंय. त्योच घेऊन येईल पोरीला, आन्‌ त्योच ठेवून जाईल." आई म्हणाली, हाव, खरंय. आणि मला, हे मला सांगायलाच पाहिजे, मलाही ते पटलं. तीन वर्षांतनं एकदा अधिक महिना येतो, जावयाला विष्णू मानतात, तेहेतीस अनारसे देतात, पुरणाचे धोंडे खाऊ घालतात. आता वकारभाईंपुढं सांगताना लाज वाटते, पण त्या घरात बसून ते पटण्यासारखंच होतं. आईनं तीन दिवस तांदूळ भिजत घातले. वाळवले, कुटले, गुळात मळले. मी प्लास्टरचा हात उशीवर ठेवून पडले होते आणि माझं हाड मोडणाऱ्यासाठी माझी आई तांदूळ कुटत होती, त्या आवाजावर मला झोप लागायची. चांगली लागायची. वाटायचं, अनारसे झाले की रेणू येणार.

आला तो. रेणूला घेऊन आला, नवा फ्रॉक घातलेला तिला. दादांनी पाटावर बसवून त्याचे पाय धुतले. माझ्या बापानं, वाकून. आई मला आत म्हणाली, "ते प्लास्टर पदराआड घे, बाई. त्याला वाटंल आपण टोचून दाखवून राहिलो." मी घेतलं. एका हातानं ताट धरून ओवाळलं. त्याच्याबरोबर आलेले भाऊजी, माझे दीर, मोबाईलवर फोटो काढत होते, म्हणाले, वहिनी, जरा हसा की. मी हसले. का हसले? अगं, हसा म्हटल्यावर बाई हसते, त्यात का असतं काही! रेणू माझ्या मांडीवर येऊन बसली, पदराआड हात घालून प्लास्टरवर बोटं फिरवायला लागली, आणि भर बैठकीत म्हणाली, "मम्मी, हाताला काय झालं गं?" सगळ्यांच्या माना वळल्या. तोही माझ्याकडंच बघत होता. मी म्हणाले, "पडले गं, बाथरूममधी." तिनं माझ्याकडं बघितलं, हूं म्हणाली. त्या हूंचा अर्थ मला दीड वर्षानं, ह्या चटईवर बसून कळला. जेवणं झाल्यावर तो उठला, "पोरीची शाळा हाय उद्या," म्हणाला. दादांनी दाराशी हात जोडले, "चार दिस ऱ्हाऊ द्या की तिला आईपशी." तो म्हणाला, "आई म्हणत असंल तर आईनं घरी यावं." आणि निघाला. तेहेतीस अनारशांची टोपली गाडीपर्यंत दादांनी स्वतः उचलून नेली. रेणूनं मागच्या काचेतून हात हलवला.

तो फोटो आता कोर्टाच्या फायलीत आहे. हसरी मी, ओवाळणारी मी, पदर नीट घेतलेला. त्यांच्या वकिलांनी तो जजसाहेबांना दाखवला आणि शांतपणे विचारलं, मारानं हाड मोडलेली बाई, त्यानंतर महिनाभरानं, हसत हसत नवऱ्याला ओवाळते का? आणि तिचे आईबाप त्याचे पाय धुतात का? मला उभं राहून सांगावंसं वाटलं, हो साहेब, धुतात, आमच्याकडं धुतात, तुमच्याकडं धूत नाहीत का? वकारभाईंनी हात दाबून खाली बसवलं. मग जजसाहेबांनी रेणूला आत बोलावून विचारलं, बाळा, तुला कुणाकडं राहायचंय? ती म्हणाली, पप्पाकडं. का गं? "पप्पा कुठं जात न्हाईत." हे मला वकारभाईंनी नंतर सांगितलं. मी म्हणाले, पढवलंय मेल्यांनी. म्हातारीनं पढवलंय. वकारभाई चष्मा पुसत म्हणाले, असंल.

आणि आता ह्या तिसऱ्या शनिवारी माझ्यासमोर बसून तीच पोर बोट ओठांवर ठेवून त्याचं बोलणं शब्दाला शब्द बोलली होती. हात डावा वर नेला होता, कारण उजव्याचं बोट त्याचं नेहमी ओठावर असायचं. हे तिला कुणी पढवेल का? हे बघितल्याशिवाय येईल का? माझ्या काळजात धस्स झालं ते लेकरानं सगळं बघितलंय म्हणून, आणि त्याच्या पाठोपाठ, लगेच, दुसरं काहीतरी आलं, ते सांगायला मला जड जातंय. मला आनंद झाला. पुरावा सापडला म्हणून. फोटोला उत्तर सापडलं. माझी पोर मार बघून मोठी झालीय, आणि मी तिची आई, चटईवर बसून मनातल्या मनात उड्या मारतेय. तो मारायचा तेव्हा मला माझी किळस आली नव्हती, तेवढी ह्या उड्यांची आली. तरी उठले. म्हणाले, रेणू, इथंच बस हं, आलेच. तिनं एकदम वर बघितलं. "कुठं चाललीस?" "दारापर्यंत गं, मॅडमला बोलवते." ती ठोकळा हातात धरून माझ्या पायांकडं बघत राहिली. चपला घालतेय का, हे बघत होती, ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

नाझनीन मॅडम भल्या बाई आहेत. वर्षभर मला बघतायत, कधी घाईनं बोलल्या नाहीत. मी दारात उभी राहून कुजबुजत सगळं सांगितलं, तोंडातून शब्द पुढंमागं होत होते. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "ताई, तुम्ही सांगितलेलं मी लिहिलं तर ते तुमचं सांगणं होतं. मी बघितलेलं लिहिलं तर ते माझं. मी येऊन बसते. पण तुम्ही तिला असं कर, तसं कर म्हणायचं नाही. ती आपण होऊन खेळली तरच." मी म्हणाले, हो हो, खेळते ती, आत्ता खेळली, तुम्ही या तर खरं. बाकावर शिवशंकरनं मान वर केली. सवयीनं माझा आवाज आपोआप खाली गेला.

मॅडम वही घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसल्या. साडेबारा झाले होते. मी चटईवर बसले, ताटली पुढं सरकवली, आणि जेवढं म्हणून गोड होता येईल तेवढं गोड होऊन म्हणाले, "रेणू, खेळू या का आपण परत? ते, मघाचं?" रेणूनं मॅडमच्या वहीकडं बघितलं. पेनाकडं बघितलं. मग माझ्याकडं, आणि मला वाटलं, ही लेकरू नाही, ही माझ्याहून थोर आहे, हिला सगळं कळतंय. "मघाचं नको," ती म्हणाली. "मघाचं झालं की." "मग दुसरं?" मी म्हणाले, आणि माझाच आवाज मला भिकारणीसारखा वाटला. तिनं जरा विचार केला. "बरं. आता मी मम्मी. तू रेणू." माझा जीव भांड्यात पडला. मम्मी झाली म्हणजे मार खाईल, वाकून दाखवेल, मॅडमला दिसेल. हेच आलं माझ्या मनात. लेकरानं वाकून दाखवावं. देवा, माझं मलाच कळत नाही मी कसली आई आहे.

"झोप," रेणू म्हणाली. मी चटईवर आडवी झाले. तिनं फळीवरची मोठी बाहुली आणून माझ्या शेजारी ठेवली, बाहुलीचा हात उचलून माझ्या पोटावर टाकला. "ही आजी हाय. आता डोळे मिट." मी मिटले. "असं न्हाई. असे गच्च न्हाई मिटायचे. थोडे उघडे ठेव. आतनं दिसलं पाहिजे, पर मम्मीला वाटलं पाहिजे झोपलीय." ती खाली बसली, माझ्या पापण्यांवर तिनं आपली बोटं ठेवली, दोन्ही पापण्या अलगद खाली ओढल्या, थोडीशी फट ठेवली. बोटांना चिक्कीचा वास नव्हता, कसलाच नव्हता, थंडगार होती. "दिसतंय का?" मी म्हणाले, दिसतंय. "बोलायचं न्हाई. झोपलेली हायस तू. आन्‌ हलायचं न्हाई. मम्मी परत येईस्तोवर उठायचं न्हाई. उठली की मम्मी येत न्हाई." मी ओठ न हलवता विचारलं, "किती वेळ?" तिनं क्षणभर आठवल्यासारखं केलं. "दिवे लागेपर्यंत," ती म्हणाली. "आजी उठली तरी उठायचं न्हाई. सू लागली तरी न्हाई."

मग ती उठली. माझी पर्स तिनं खांद्याला अडकवली, ती तिच्या गुडघ्यापर्यंत आली. डावं मनगट उजव्या हातानं छातीशी धरलं. दारापाशी गेली, माझ्याकडं वळून उभी राहिली. मी पापण्यांच्या फटीतून बघत होते. मी त्या दुपारी कशी दिसले असेन ते मला पहिल्यांदा दिसलं. बराच वेळ उभी राहते ती बाई, वाटतं आता येईल, उचलेल, आणि मग नजर खाली करते. रेणूनं नजर खाली केली. वाकून आपल्या चपला उचलल्या, हातात धरल्या, आणि एक एक पाऊल टाकत, टाचा वर ठेवून, दार ढकलून बाहेर गेली. बाहेर धोंडाबाई म्हणाल्या, "आलीस का गं बाळा, झालं का?" आणि शिवशंकरचा आवाज आला, नेहमीसारखा हळू, "चल, पाणी पी."

कोपऱ्यात मॅडमचं पेन चाललं होतं. त्या बघितलेलं लिहीत होत्या, बरोबरच होतं त्यांचं. थोड्या वेळानं पेन थांबलं. बाहेर जिन्यावर तिघांची पावलं वाजली, त्यात एक अनवाणी होतं, आणि उतरत उतरत बंद झाली. माझी पर्स शिपाईबाईंनी आणून चटईच्या कडेला ठेवली. मॅडम म्हणाल्या, "ताई, उठा. एक वाजला." भिंतीवरच्या मोरावर खिडकीतलं ऊन पडलं होतं, जानेवारीचं, पांढरं. दिवे लागायला अजून पाच-साडेपाच तास होते. मी बाहुलीचा हात पोटावर तसाच राहू दिला, डोळे तिनं ठेवले होते तेवढेच उघडे ठेवले, आणि उठले नाही.